लष्करी लिलावातला ४×४ ट्रक पावसाळ्यासाठी घ्यावा का?

कुर्लेकर:
कुर्ला-सायन पट्ट्यातल्या चार सोसायट्या आणि एक मंडळ मिळून जुना लष्करी ट्रक घ्यायचं म्हणतोय. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात अशोक लेलँडचा स्टॅलियन, टाटा ७१३ आणि क्वचित शक्तिमानही दिसतो. कामं तीन: पाणी भरलं की म्हातारी माणसं आणि रुग्ण बाहेर काढणं, पंप-जनरेटर हलवणं, वादळात पडलेली झाडं ओढणं. कोणता घ्यावा, काय तपासावं, कागदपत्रांचं काय?

गिअरदादा:
शक्तिमान मनातून काढून टाका. जबलपूरला त्याचं उत्पादन नव्वदच्या दशकातच बंद झालं, आता सुटे भाग मिळणार ते भंगारातूनच. स्टॅलियनचं इंजिन लेलँडच्या हिनो घराण्यातलं, ७१३ चं टाटाच्या नेहमीच्या ट्रकांशी नातं सांगणारं. त्यामुळे फिल्टर, पंप, लायनर कुर्ल्यात किंवा कळंबोलीत मिळून जातील. अडतं ते ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या भागांवर. ते सलामत नसतील तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

माल 'जसा आहे, जिथे आहे' असा विकतात, म्हणून फोटो बघून बोली लावू नका. तपासणीच्या दिवशी मेकॅनिकला घेऊन डेपोत जा. काही लॉटमध्ये बॅटऱ्या नसतात, काहींत इंजिनाचे भागही काढलेले असतात. कमी किलोमीटर बघून भुलू नका. उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आधी मरतं: ऑइल सील, ब्रेक चेंबरचे पडदे, कूलंटचे होज. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कोरी असली तरी बाजूला भेगा असतील तर अख्खा संच बदलायचा खर्च बोलीच्या हिशेबात धरा.

आता पाणी. १२.००-२० टायरचा व्यास साधारण १.१ मीटर, म्हणजे हबचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरच्या आसपास. पाणी त्याच्या वर गेलं की खरा त्रास सुरू होतो. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा जा-ये करायच्या छिद्रातून) पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, सगळ्यांच्या ब्रीदरना होज लावून ते केबिनच्या उंचीवर न्या. होजचं तोंड खाली वळवलेलं हवं. पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रेन प्लग थोडा सैल करून बघा. तेल चहाच्या रंगाचं आलं तर पूर्ण बदला. मिठी आणि खाडीचं पाणी खारं असतं, त्यात बेअरिंग आठवड्यात गंजतं. म्हणून खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस भरा.

पाण्यात लो रेंज (ट्रान्सफर केसचा संथ, जास्त जोराचा टप्पा), पहिला गिअर, माणसाच्या चालीचा वेग. जोरात गेलात तर लाट दुकानांत शिरते आणि पंखा बुडाला तर त्याची पाती वाकून रेडिएटरवर घासू शकतात. बाहेर आलं की हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवा. ओल्या ड्रमचा ब्रेक लागतच नाही.

आरसीबुक:
कागदपत्रांचं मी सांगतो. लष्करातून निघालेल्या गाडीला संबंधित अधिकाऱ्यांकडून फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर नोंदणी विसरा. लष्करी नंबर आणि युनिटची खूण पुसायची. ऑलिव्ह ग्रीन रंगही ठेवता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. पिवळा किंवा भगवा द्या, पावसात उठूनही दिसेल. फिटनेस वेळेवर करून घ्या आणि चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना हवा.

सगळ्यात मोठी अडचण माणसं नेण्याची. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या हौद्यात रहिवासी बसवले आणि काही झालं तर विमा हात वर करतो. त्यामुळे हा ट्रक आधीच वॉर्ड ऑफिसला कळवून ठेवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ नुसार प्राधिकरण वाहन ताब्यात घेऊन वापरू शकतं, आणि कलम ६६ मध्ये भरपाईची तरतूद आहे. स्वतःच्या जोरावर लोक वाहून नेण्यापेक्षा ते बरं. एरवी महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर कळवा.

कुर्लेकर:
रंगाचं माहीत नव्हतं, आभार. मग माणसं सोडून पंप आणि झाडं एवढंच धरलं तर?

भरतीओहोटी:
तेच धरा, ट्रकची खरी किंमत तिथेच आहे. पाणी चढत असताना तो घेऊन रस्त्यावर उतरूच नका. उघड्या मॅनहोलवर पुढचं चाक गेलं तर तो तिथेच अडकतो आणि रुग्णवाहिकेचीही वाट बंद होते. उतरावंच लागलं तर पुढे बांबूने चाचपणारा माणूस हवा. ताडपत्रीच्या सांगाड्यासह गाडी किती उंच आहे ते मोजून ठेवा. सबवेच्या कमानी ती माफ करत नाहीत, आणि अंधेरी सबवे तर पाणी भरताच बंद करतात.

तीन इंची ट्रॅश पंप (गाळ-कचऱ्याचं पाणी उपसणारा) कागदावर तासाला ६० घनमीटर सांगतो, प्रत्यक्षात ४० धरा. ३०० चौरस मीटरच्या तळघरात मीटरभर पाणी म्हणजे ३०० घनमीटर, साडेसात-आठ तासांचं काम. सक्शन होज कडक, जाळीसकट. पाण्यापासून पंपाची उंची पाच-सहा मीटरच्या आत. पंप वर ठेवा, तळघरात उतरवला तर धुराने माणूस मरतो. आणि आधी भरतीचं वेळापत्रक बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच दिवशी भरती ४.४८ मीटरची होती. भरतीमुळे नाला तुंबलेला असताना उपसलेलं पाणी परत आत येतं.

झाडाला हात लावण्याआधी वीज बंद झाल्याची खात्री करा: सायनला बेस्ट, कुर्ल्याला अदानी. ६० सेंमी जाड, दोन मीटर लांब ओला ओंडका अर्ध्या टनाहून जड असतो. अख्खं झाड ओढू नका. आधी फांद्या छाटा, मग तुकडे करा. वायर रोपवर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर कमी उसळतो. रोप ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभं नको.

गिअरदादा:
एक राहिलं. गाडी २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या मालिकेत. वायरलेस किंवा दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. कन्व्हर्टर बसवा. पावसाळ्यात एअर टँकचं पाणी रोज सोडा, डिझेलच्या वॉटर सेपरेटरचं आठवड्याला. आणि गाडी उंचावर उभी करा, सोसायटीच्या तळमजल्यावर नाही.