लॅटिन नावांचा अर्थ न सांगता नुसतं पाठांतर कशाला?

खाडीवाली, ऐरोली
बायोलॉजीच्या तासाला लॅटिन नावं घोकून घेतात, अर्थ कुणी सांगत नाही. याची मला खरंच चीड येते. आपल्या खाडीतल्या चिप्पीचं, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाचं, फूल हातात घ्या. चार जाड हिरवी निदलं, पांढऱ्या पुंकेसरांचा झुपका, पाकळी एकही नाही. नाव काय, तर सोनेरेशिया अपेटाला, म्हणजे बिनपाकळ्यांची! राज्याचा कांदळवन वृक्ष सोनेरेशिया आल्बा. आल्बा म्हणजे पांढरी. हा एक शब्द कळला की पोटाच्या मध्यरेषेवरची लिनिया आल्बा, म्हणजे पांढरी रेषा, हीसुद्धा कळते. लहान फ्लेमिंगोच्या शास्त्रीय नावातला मायनर, म्हणजे लहान, छातीच्या पेक्टोरालिस मायनर या स्नायूत भेटतो.

येऊरचा वाटाड्या
नाही पटत. नाव ही फक्त खूण असते, वर्णन समजून शिकवाल तर मुलं फसतील. चिंच टॅमरिंडस इंडिका, पण ती मूळची आफ्रिकेतली. खाडीतली मारांडी अकँथस इलिसिफोलियस, म्हणजे होली या विलायती काटेरी पानांच्या झाडासारख्या पानांची. ठाण्यातल्या किती मुलांनी होलीचं झाड बघितलंय? आणि वर्णन चुकलं म्हणून नाव बदलायचं नाही, असा नियमच आहे.

खाडीवाली, ऐरोली
मग ती चूकच शिकवा ना! अरब चिंचेला ‘तमर हिंदी’ म्हणत, हिंदुस्थानी खजूर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तेच नाव उचललं आणि वर इंडिका जोडलं. चिंच कुणाच्या हातून युरोपात पोचली ते त्या नावातच आहे.

फिजिओ, कळवा
ताईंशी सहमत. लेव्हेटर लेबाय सुपीरिओरिस अलिक्वी नेझाय हे नाव ऐकूनच पहिल्या वर्षाची मुलं गारठतात. फोड करून सांगा: वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा स्नायू. जागाही कळली, कामही कळलं.

दिवाळे कोळीवाडा
स्नायूंचं ठीक आहे हो. पण आमची निवटी मासळी बघा. ओहोटीला चिखलावर सरपटते, बिळात राहते. शास्त्रात ती बोलिऑफ्थाल्मस दुसुमिएरी. दुसुमिए हा फ्रेंच व्यापारी! यात निवटीचं वर्णन कुठे आलं? तिला पिढ्यान्‌पिढ्या धरणाऱ्यांचं नाव आधी शिकवा.

खाडीवाली, ऐरोली
दादा, दुसुमिएचं मान्य. पण ऑफ्थाल्मस म्हणजे डोळा, आणि निवटीचे डोक्यावर आलेले डोळेच आधी दिसतात की नाही?

दिवाळे कोळीवाडा
दिसतात. पण फलकावर निवटी वर आणि लॅटिन खाली, एवढं झाल्याशिवाय मी ऐकणार नाही.