मिलीबगसाठी 'हर्बल' बाटली मारली, प्लॉट एक्सपोर्टला नोंदवलाय, आता काय करायचं?

निफाडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी, थॉमसनचा प्लॉट आहे, मणी १२ एमएमच्या पुढं गेलेत, अजून साधारण सव्वा महिन्यानं काढणी धरलीय आणि ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी झालेली आहे. मागच्या आठवड्यात खालच्या ओळींत मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला, घड चिकट झाले, काही ठिकाणी काळी बुरशी पण धरली. एक फील्डवाला पोरगा बांधावर आला होता, त्यानं एक बाटली दिली, म्हणाला शंभर टक्के हर्बल, रेसिड्यू फ्री (मालात औषधाचा अंश राहत नाही), एक मिली लिटरला, काढणीच्या आदल्या दिवशी मारली तरी चालेल. मी नाशिकला होतो, थोरल्या भावानं दोन एकरावर मारून टाकली. रिझल्ट म्हणाल तर जबरदस्त, दोन दिवसांत मिलीबग वाळून खाली. पण बाटली हातात घेतली तर त्यावर नुसतं कडुलिंबाच्या पानाचं चित्र, घटक म्हणून 'वनस्पतिजन्य अर्क' एवढंच, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण नाही, सीआयबीचा (केंद्राच्या कीटकनाशक मंडळाचा) नोंदणी नंबर नाही, आणि झाकण उघडलं की लसणासारखा उग्र वास. राहिलेल्या तीन एकरावर भाऊ उद्या मारायचं म्हणतोय. मारावं का? आणि मारलेल्या दोन एकराचं काय करू?

कीटकशास्त्र_एमएस्सी
दादा, उद्याचा फवारा आधी थांबवा, बाकी मग बोलू.
निंबोळी अर्कानं मिलीबग दोन दिवसांत गळून पडत नाही. व्हर्टिसिलियम (कीड मारणारी बुरशी) मारलं तरी हवेत ओलावा लागतो आणि आठवडा-दहा दिवस वाट बघावी लागते, मिलीबगच्या अंगावर तो मेणाचा थर असतो ना. दोन दिवसांत असा नॉकडाऊन आणि वर लसणाचा वास म्हणजे मला तरी आत ऑर्गॅनोफॉस्फेट (रासायनिक कीटकनाशकांचा एक गट) असल्याचा दाट संशय आहे. वासावरून नाव सांगता येत नाही, पण संशय घ्यायला पुरेसं आहे.
आणि 'हर्बल आहे म्हणून नंबर लागत नाही' हे साफ खोटं. कीड मारते असा दावा केला की ते कीटकनाशक, मग ते कडुलिंबातलं ॲझाडिरॅक्टिन असो की ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागतेच. चांगल्या कंपनीच्या निंबोळीच्या बाटलीवर बघा, नोंदणी क्रमांक, बॅच, एक्स्पायरी, रंगीत त्रिकोण, विषबाधा झाली तर उतारा, सगळं छापलेलं असतं.
खरी अडचण वेगळीच आहे. औषधाचं नाव माहीत असतं तर ॲनेक्सर ५ (निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारशीतल्या औषधांची यादी) काढून पीएचआय (शेवटचा फवारा ते काढणी यात ठेवायचे दिवस) बघितला असता आणि दिवस मोजले असते. इथं आत काय आहे तेच माहीत नाही तर दिवस कशाचे मोजणार? त्याच गटातलं क्लोरपायरीफॉस निघालं तर युरोपनं ते २०२० मध्येच बंद केलंय, मर्यादा ०.०१ मिलीग्रॅम किलोला, म्हणजे एका किलो द्राक्षात एका मिलीग्रॅमचा शंभरावा भाग. तेवढ्यावर अख्खा कंटेनर अडकतो.

तासगावकर
आमच्याकडं पण हीच पोरं फिरत्यात की. बिल मागितलं की म्हणत्यात सर घ्या की, कंपनीकडनं डायरेक्ट स्वस्तात देतोय.
२०१० आठवतंय का कुणाला? सीसीसीवरनं (वेलीची वाढ रोखायचं औषध, क्लोरमेक्वाट) युरोपात माल अडकला होता. आपल्याकडच्या टेस्टिंगच्या यादीतच तो घटक नव्हता, हितनं रिपोर्ट क्लीन आणि तिकडं फेल. आणि सीसीसी काय घडावर मारत नव्हतं कोण, खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणीच्या कित्येक महिने आधी मारायचं ते काढणीच्या मालात घावलं. म्हणून सव्वा महिना हातात हाय म्हणून गप बसू नका.

कृषी_सेवा_केंद्रवाला
सगळं खापर दुकानदारावर फुटणार म्हणून आधीच लिहितो. लायसन असलेला दुकानदार असली बाटली बिलावर विकूच शकत नाही, क्वालिटी कंट्रोलवाले कधीही येऊन सॅम्पल घेतात, फेल गेलं की कोर्टाच्या तारखा आम्हालाच. पण खरं सांगू, शेतकरीच येऊन म्हणतो ते नंबरवालं नको, शेजाऱ्यानं मारलं ते द्या, रिझल्ट लय भारी आहे. नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.
दुसरं म्हणजे बायोस्टिम्युलंटच्या (पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादनं) नावाखाली जो बाजार झाला तो. २०२१ मध्ये ते खत नियंत्रण आदेशात घेतले, पण तात्पुरत्या परवानगीची मुदत वाढत वाढत पार जून २०२५ पर्यंत गेली. तेवढ्या वर्षांत कुणीही उठून बाटली काढली. त्याच आदेशात लिहिलंय की बायोस्टिम्युलंटमध्ये कीटकनाशक ०.०१ पीपीएमच्या वर नको, पण प्रत्येक बाटली तपासणार कोण?

निफाडचा_बागायतदार
फवारा थांबवला, भाऊ चिडलाय पण थांबला. बिल मागितलं तर त्या पोरानं व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यात बाटलीचं नाव आहे आणि पुढं 'सूक्ष्म अन्नद्रव्य' लिहिलंय. मग मिलीबग कसा मेला?

कीटकशास्त्र_एमएस्सी
हे बिल डिलीट करू नका, उपयोगाचं आहे. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, मोकळी बाटली पण टाकू नका. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, बॅच नंबर असेल तर घाला. निरीक्षकानं विक्रेत्याकडून रीतसर नमुना घेतला तर विश्लेषकानं ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तुमच्या उघडलेल्या बाटलीवर केस उभी राहणं अवघड आहे हे पण सांगून ठेवतो.
मालाचं म्हणाल तर त्या दोन एकराचे घड वेगळे घेऊन एक्सपोर्टच्या सॅम्पलिंगच्या आधी स्वतःच्या पैशानं मल्टी रेसिड्यू टेस्ट (एकाच नमुन्यात अनेक औषधांचे अंश शोधणारी तपासणी) करा. काही हजार जातील. लॅबला सांगा काय झालंय ते, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा दुसरा गट) दोन्ही यादीत आहेत ना बघतील. आत्ता एक आणि काहीतरी निघालं तर पंधरा दिवसांनी परत एक, उतरतंय का ते कळेल. तीन एकर आणि दोन एकर एकत्र दाखवू नका, नाहीतर चांगला माल पण जाईल.
राहिलेल्या तीन एकरात खोडाची सुटलेली साल काढून जाळा, मुंग्यांचा बंदोबस्त करा (मुंग्या आहेत तोवर मिलीबग खाणारा क्रिप्टोलेमस भुंगा सोडून फायदा नाही, मुंग्या त्याला टिकू देत नाहीत) आणि चिकट घड सरळ तोडा.

पुण्याची_गिऱ्हाईक
शेती करत नाही, द्राक्षं खाते, म्हणून विचारते. टेस्टमध्ये फेल गेलेला तो दोन एकराचा माल मग जातो कुठं?

तासगावकर
ताई, मार्केट यार्डात. आणि तिथं कोण रिपोर्ट मागत नाय.

निफाडचा_बागायतदार
ताई, बरोबर बोललात, आमच्या घरात पण लहान पोरं आहेत. सोमवारी घड घेऊन लॅबला जातोय. फेल गेला तर बेदाण्याला टाकावा का असा विचार होता.

कीटकशास्त्र_एमएस्सी
बेदाण्याला अजिबात नको. पाणी उडून जातं, औषध तेवढं उडत नाही, चार किलोचा एक किलो झाला की किलोमागं प्रमाण उलट वाढू शकतं. आधी रिपोर्ट येऊ द्या, घटकाचं नाव कळलं की इथंच टाका, मग बघू किती थांबायचं ते.