चिमीचं खाणं तुटलंय, थांबू की दाखवू?

मोगरा:
आमची कुत्री चिमी सात वर्षांची, गावठी. नसबंदी केलेली नाही. एरवी भाकरी भाजायला घेतली की ओट्यापाशी हजर. गेले चार दिवस ताटलीला तोंड लावते आणि निघून जाते. काल दही-भातही तसाच ठेवला. पाणी मात्र खूप पिते, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागलं. आई म्हणते ऊन बाधलंय. खाणं बदलून बघू का?

पाऊलवाट:
उन्हाळ्यात खाणं कमी होतं खरं. आमचा सकाळचं सोडतो, पण ऊन उतरलं की सगळं चाटूनपुसून खातो. चार दिवस म्हणजे जास्त झालं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. ओठ वर करून हिरड्या बघा, पांढरट असतील तर गोचीडतापाची शंका घ्यायची आणि रक्त तपासायचं. नुसत्या हाताने ताप कळणार नाही, कुत्र्यांचं अंग एरवीही १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. घरातली तापाची गोळी अजिबात देऊ नका.

नदीकाठ:
मोगराताई, चिमी शेवटची माजावर कधी होती?

मोगरा:
दीड महिना झाला असेल. का हो?

नदीकाठ:
मग आजच न्या. माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. त्याचं विष अंगात भिनतं, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून खाणं तुटतं आणि पाणी वाढतं. खालून स्राव दिसेलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर पू आतच साठतो आणि ते जास्त धोक्याचं. सोनोग्राफीची सोय असेल तिथेच जा. माजाची तारीख डॉक्टरांना आपणहून सांगा. जबरदस्तीने भरवू नका, पण पाणी तोडू नका. आमच्या राणीच्या वेळी मी दोन दिवस पेज, अंडं, चिकन करत बसले. ती गेली.

मोगरा:
तेच निघालं. रात्रीच ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. आज सकाळी हातावरून चार घास खाल्ले. तुमचे उपकार कसे फेडू? टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन तिला सोसत नाही, थोडा वेळ काढला तर चालेल?

नदीकाठ:
बरं वाटलं वाचून! कोन काढू नका, टाके चाटले तर उसवतात. दहा ते चौदा दिवस काढावेच लागतील. ताटली जरा उंचावर ठेवा, कोनासकट खाता येतं.