वय २७, सात महिन्यांपासून पोट बिघडलेलं, आणि डोक्यातून कॅन्सर जात नाही

धायरीकर

नमस्कार. हे विचारायची लाज वाटत होती, तीनदा लिहून खोडलं. आज लिहितोच.

मी मूळचा बार्शीचा, नोकरी हिंजवडीत, राहायला धायरीत दोन मित्रांबरोबर. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सिंहगड रोडला जीबीएसची (गुलेन-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) साथ होती, आठवत असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, विहिरीचं पाणी, जिकडेतिकडे तोच विषय. त्याच आठवड्यात मला सणकून जुलाब झाले, पाच दिवस. हातापायांना मुंग्या वगैरे काही आल्या नाहीत, तेवढ्यावर निभावलं. पण पोट त्यानंतर पहिल्यासारखं झालंच नाही. सकाळी बेंबीखाली डावीकडे कळ येते, जाऊन आलो की थांबते, अर्ध्या तासात परत जावंसं वाटतं. दोन दिवस पातळ, मग तीन दिवस खडा. साफ झाल्यासारखं कधीच वाटत नाही. कंपनीची बस वारज्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली की मला घाम फुटतो, कारण तिथे उतरून जाणार कुठे?

मार्चमध्ये एकदा शौच लालसर दिसलं. आदल्या रात्री मेसमध्ये बिटाची कोशिंबीर होती हे मला चौथ्या दिवशी आठवलं, आणि मधल्या तीन रात्री मी फक्त वाचत होतो. ‘ब्लॅक पँथर’मधला नट चॅडविक बोझमन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने ४३ व्या वर्षी गेला, हे त्यातल्याच एका रात्री वाचलं. तेव्हापासून रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून कमोडमध्ये बघतो. फोटो काढतो. लपवलेल्या फोल्डरमध्ये आज १४६ फोटो आहेत. आधीच्या महिन्याचे काढून रंग ताडून बघतो. वजन दिवसातून चारदा करतो. एकदा काटा ६४.२ वरून ६३.१ ला आला तर त्या दिवशी कामावर गेलो नाही.

मागच्या आठवड्यात मात्र खरंच रक्त पडलं. खडा झाला होता, जोर करावा लागला, कापल्यासारखी आग झाली आणि लालभडक दोन-तीन थेंब. जवळच्या दवाखान्यात गेलो. दोन मिनिटं ऐकून गॅसची गोळी दिली, "या वयात काही नसतं" म्हणाले. जिना उतरेपर्यंत बरं वाटलं, गाडीची किल्ली काढताना परत सुरू.

मी थेट कोलोनोस्कोपी करून घेऊ का? की मला मानसिक काहीतरी झालंय? आई रोज रात्री नऊला फोन करते. तिला यातलं काहीही माहीत नाही.

निवृत्त सिस्टर, कोथरूड

बाळा, मी ३१ वर्षं सिस्टर होते, शेवटची बारा पोटविकारांच्या विभागात. लाज कसली धरतोस? आमचा दिवस याच प्रश्नाने सुरू व्हायचा.

तू जे सांगतोस, जुलाबाची मोठी साथ येऊन गेल्यावर पोट तसंच बिघडलेलं राहणं, ते मी खूप पाहिलंय. आतड्याचा संसर्ग झालेल्या दहांतल्या एखाद्याला पुढे काही महिने, कधी काही वर्षंसुद्धा, आयबीएसचा त्रास होतो, म्हणजे आतड्यात सूज किंवा जखम नसते, पण त्याचं काम बिघडलेलं राहतं. त्या जीबीएसच्या साथीत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता, आणि तो जंतू पाठीमागे असं पोट ठेवून जाण्यासाठी ओळखीचा आहे. तुला तोच झाला होता असं मी म्हणणार नाही, तेव्हा तपासणी झालेली नाही. कळ येणं आणि जाऊन आल्यावर थांबणं हेही आयबीएसमध्ये नेहमीचं. खडा, आग आणि वर लालभडक थेंब हे फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं असतं बहुधा. पण बहुधा हा शब्द मी घरात बसून वापरतेय. रक्त पडलं की कोणीतरी बघायलाच हवं, वय काही असो. त्या दवाखान्यात तुला झोपवून तपासलं का? गुदद्वार बघितलं का? नसेल तर ती तपासणी झालीच नाही असं समज.

पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आधी रक्त तपासतील: हिमोग्लोबिन, लोह, अंगात सूज आहे का ते दाखवणारी सीआरपी, गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलियाक आजार असतो त्याची टीटीजी. आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन. ती ५० च्या खाली आली तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. जास्त आली तर घाबरून जाऊ नकोस, संसर्गाने वाढते, दुखण्याच्या गोळ्यांनीही वाढते, म्हणून आधी काही दिवस तसलं काही घेतलं असशील तर सांग. कोलोनोस्कोपी करायची का ते यानंतर ठरतं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, तोही डॉक्टर मनात धरून चालतात.

ते विचारतील त्याची उत्तरं तयार ठेव. रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? ताप येतो का? कपडे सैल झालेत का? (काट्यावरचा एक किलो सोड, तो पाण्याचा असतो.) आणि घरात आईवडील, भावंडं, काका-मामा यांत कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप (आतड्यातल्या गाठी) होते का? हे तुला आईला विचारावंच लागेल.

तळजाईचा वाटसरू

मी एरवी लिहीत नाही. "या वयात काही नसतं" हे वाचून राहवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला ३४ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. दीड वर्ष रक्त पडत होतं, तो मूळव्याध म्हणून मलम लावत राहिला. जिन्यात धाप लागायला लागली तेव्हा हिमोग्लोबिन केलं, ते ८ वर होतं. नऊ किलो उतरला होता, आम्हाला वाटलं डाएट करतोय. ऑपरेशन झालं, केमो झाली. आता चार वर्षं झाली, नोकरीवर आहे, देवाची कृपा.

तुला घाबरवायला लिहीत नाही रे. त्याचं आणि तुझं चित्र वेगळं आहे हे मलाही दिसतंय. पण त्याने कधी खाली वाकून बघितलं नाही आणि तू रोज टॉर्च लावून बघतोस, आणि डॉक्टरसमोर टेबलावर झोपून दाखवलं दोघांनीही नाही. या आठवड्यात जा. माझी सुट्टी आहे, सोबत हवी असेल तर सांग, येतो.

सहकारनगर २९

मी तुझ्याच जागी होते, म्हणून फक्त कोलोनोस्कोपीबद्दल सांगते. मी हट्टाने करून घेतली. आदल्या दिवशीचं ते पावडरचं पाणी, पूर्ण रात्र बाथरूममध्ये, सगळं केलं. रिपोर्ट एकदम स्वच्छ. आनंद अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी वाटलं, त्यांच्याकडून एखादा कोपरा राहिला असेल तर? वर्षाच्या आत दुसरी करायला निघाले होते तेव्हा डॉक्टरांनीच खुर्ची पुढे ओढून सांगितलं, पोट आपण तपासलं, आता भीतीवर उपचार करूया.

मला राग आला होता. पोट माझं खरंच दुखत होतं, आणि हे म्हणतात भीती! पण दोन्ही खरं असतं. घाबरलं की आतडं जोरात चालतं, चाललं की कळ येते, कळ आली की अजून घाबरायचं. समुपदेशकांकडे चार महिने गेले. पहिला नियम मोबाइल संडासाबाहेर, हा होता. एकदा बघायचं, फ्लश करायचं, बाहेर यायचं. पहिले तीन दिवस हात थरथरायचे, खोटं नाही सांगत. वजन रविवारी एकदाच.

बसचं म्हणशील तर मी पाऊण तास लवकर उठायला लागले. गरम पाणी, थोडं खाणं, मग निवांत बसायचं. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, ते घरीच हलू दे. आणि मेसचा कांदा-लसणाचा रस्सा दोन आठवडे बंद करून बघ, मला त्याने खूप फरक पडला.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

सिस्टर, तुमच्या त्या प्रश्नासाठी आईला फोन केला. "आपल्यात कुणाला आतड्याचा काही होता का गं?" ती गप्प झाली, मग म्हणाली, "नाही. का विचारतोस?" मला खोटं बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती स्वारगेटला उतरली. दादा, म्हणून तुम्हाला बोलावलं नाही, पण तुम्ही विचारलंत ते विसरणार नाही.

डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली, नीट तपासलं. फिशर आहे. कोमट पाण्यात बसायचं, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, एक मलम. हिमोग्लोबिन १४.२, टीटीजी नॉर्मल, कॅलप्रोटेक्टिन २८. आयबीएस म्हणाले, कोलोनोस्कोपीची आत्ता गरज नाही. फोटोंचं मी स्वतःहून सांगितलं. ते हसले नाहीत, समुपदेशकांचं नाव लिहून दिलं, गुरुवारी पहिली वेळ आहे.

फोटो अजून पुसलेले नाहीत. रविवारपासून नवीन काढलेला नाही. काल बसमध्ये वारज्याच्या पुढे कळ आलीच, पण उतरलो नाही.

सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. मधे पुन्हा रक्त पडलं, रात्री झोपेतून उठावं लागलं किंवा कपडे सैल व्हायला लागले तर तारखेची वाट न बघता यायचं, असं चिठ्ठीच्या मागे लिहून दिलंय. आईने ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.