फोंताइन्हासमध्ये आणखी बार: हवेत की बास झालं?

मांडवीकाठ:
पणजीच्या फोंताइन्हास या पोर्तुगीजकालीन वस्तीत जुन्या घरांच्या तळमजल्यावर आणखी बार उघडू द्यावेत का, यावर मतं मांडा. माझं मत: बास झालं. दारूला विरोध नाही, घरांची बांधणीच तशी आहे. घरं एकमेकांना चिकटलेली, दारं-खिडक्या थेट गल्लीवर, मध्ये अंगण नाही की कुंपण नाही. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. समोरासमोर साधं बोलणंच 60च्या घरात जातं. म्हणजे स्पीकर बंद केला तरी दाराबाहेर दहा जण ग्लास घेऊन उभे राहिले की वरच्या मजल्यावरच्यांची झोप गेली.

तिखटमीठ:
तावेर्न, म्हणजे गल्लीतला छोटा दारूचा गुत्ता, काय काल आली? उभ्या उभ्या एक फेणी मारून घरी जाणारं गिऱ्हाईक या गल्ल्यांना नवीन नाही. ते दहा मिनिटांत निघतं. गर्दी होते ती कॉकटेलने. एक ग्लास बनवायला पाच-सहा मिनिटं, आत खुर्च्या बारा, मग बाकीचे थांबणार कुठे? रस्त्यावर. बंदी घालायची तर आसनांपेक्षा जास्त लोकांना विकण्यावर घाला, बारवर नको.

मांडवीकाठ:
आणि मोजणार कोण, रात्री साडेदहाला?

चुन्याची भिंत:
दोघेही घर विसरलात. जांभा दगड, चुन्याचा गिलावा, लाकडी वासे, वर कौलं. असं घर बंद पडलं की एक कौल सरकतं, चार महिन्यांच्या पावसात पाणी वाशात मुरतं, मागोमाग वाळवी. भाडं येत असेल तरच मालक दरवर्षी कौलं चाळून घेतो. म्हणून माझा बारला पाठिंबा, पण अटींसह. बार लावताना हमखास होणारी चूक म्हणजे ओल दिसली की सिमेंटचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आतच कोंडतं. मग क्षार फुलतात, पोपडे सुटतात आणि दोष मात्र पावसाला. दुसरी चूक एसीच्या पाइपसाठी समोरच्या भिंतीला भोक. पाइप मागच्या बाजूने न्या, थोडा लांब पडेल एवढंच.

पुणेरी पाहुणा:
वाद चालू द्या. पण यायचं तर कसं, तेही कुणी सांगा.

तिखटमीठ:
गाडी गल्लीत घालू नका. खाडीपलीकडे पाटोला लावा आणि पादचारी पुलावरून खाडी ओलांडा, समोर फोंताइन्हासचा रस्ता, रुआ द ओरें. चालवणार असाल तर पिऊच नका: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा, पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, मिळते साधारण मार्च ते मे. ग्लासात 60 मिली उर्राक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, बर्फ, वर लिमका. सरबतासारखी उतरते, तिथेच फसगत होते. फेणीत मद्यार्क 42 टक्क्यांच्या आसपास, उर्राकमध्ये 15च्या. म्हणजे 60 मिली फेणीत जेवढा मद्यार्क, तेवढा उर्राकच्या 170 मिलीत. तिसऱ्या ग्लासाला तुम्ही तिथे पोचलेले असता. पोटात आधी चोरीस-पाव (गोव्याचं मसालेदार सॉसेज आणि पाव) असू द्या. डिसेंबरात कुणी "ताजी उर्राक" म्हणाला तर फेणी मागा. ती टिकते, उर्राकचा वास काही महिन्यांत मरतो.

मांडवीकाठ:
रेसिपी उत्तम, पण त्याच ग्लासासाठी लोक कुणाच्या तरी पायऱ्यांवर बसतात. आणि रंगीत भिंतींसमोरचं फोटोशूट तर दिवसाही थांबत नाही. माझ्यापुरता तोडगा एवढाच: रात्री 10 नंतर ग्लास उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि ही अट परवान्यातच लिहिलेली हवी.

तिखटमीठ:
ही मान्य. पण मग पणजीभर लावा, एकट्या फोंताइन्हासला नको. नाहीतर गर्दी शेजारच्या वाड्यात सरकेल आणि तिथले लोक असाच धागा काढतील.

चुन्याची भिंत:
मला फक्त अर्धी मान्य. बाहेरचं बंद करायचं तर आत हवा हवी. खिडक्या लावून घेतल्या की एसी आला, एसी आला की पुन्हा भिंतीला भोक.