मदत हवी आहे: कोठडीतल्या मृत्यूवर लक्षवेधी (सभागृहात मंत्र्यांना उत्तर द्यायला लावणारी सूचना) द्यायचीय, आमदारांना नेमकं काय विचारायला सांगू?

माझा आतेभाऊ सप्टेंबरमध्ये पोलीस कोठडीत वारला. जिल्हा मुद्दाम सांगत नाही. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून संध्याकाळी घरातून नेला, पहाटे फोन आला, "छातीत दुखतंय म्हणाला, सिव्हिलला आणलंय." आम्ही पोचलो तर तो शवागारात. तळपायांवरचे काळेनिळे वळ मी स्वतः पाहिलेत. शर्ट पिशवीत घालून परत दिला, वरची तीन बटणं तुटलेली. पोस्टमॉर्टेम रिपोर्टात मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलंय, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) लॅबला.

आमच्या आमदारांचा पीए म्हणतो, तारांकित प्रश्नाची (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) मुदत गेली, नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधी देऊ. एका पानात प्रश्न लिहून आणा. पान कोरंच आहे. "चौकशी करणार का?" असं विचारलं तर "चौकशी सुरू आहे" एवढंच छापील उत्तर येणार, हे मलाही कळतं. म्हणून हो-नाही किंवा तारीख-वेळ सांगावीच लागेल असं काहीतरी हवंय. मला सुचलेलं असं:

आत्याला जबाबाची नोटीस प्रांत ऑफिसातून आली, म्हणजे महसूल अधिकाऱ्याकडून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 176-1अ) कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची ना? मग ती त्यांच्याकडे कोणत्या तारखेला सोपवली? मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवायचं असतं, ते किती वाजता कळवलं? आणि पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज. माहिती अधिकारात उत्तर आलं, "30 दिवसांनंतर आपोआप पुसले जाते." सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये 18 महिने, ते जमतच नसेल तर निदान वर्षभर जपायला सांगितलंय. मग पुसलं कोणी?

परभणीचं, सोमनाथ सूर्यवंशींच्या कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण आठवत असेल. डिसेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की फुटेजमध्ये मारहाण दिसत नाही. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला लावला, सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश टिकला. म्हणजे सभागृहातलं उत्तर हा काही निकाल नव्हे. पण ते इतिवृत्तात छापलं जातं, पुढे कोर्टात दाखवता येतं, म्हणून ही धडपड.

आता शंका. आम्ही हायकोर्टात याचिका टाकायच्या तयारीत आहोत. आधी टाकली तर "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" म्हणून लक्षवेधी नाकारतील का? वकीलसाहेब थांबू नका म्हणतात, पीए थांबा म्हणतो. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलंच, तर आश्वासन समितीकडे (मंत्र्यांची आश्वासनं पाळली का ते बघणारी विधिमंडळाची समिती) आपण थेट अर्ज करू शकतो, की तोही आमदारांमार्फतच जातो? विनंती अर्ज समितीचा (नागरिकांचे अर्ज घेणारी विधिमंडळाची समिती) अनुभव कोणाला आहे?

मंत्रालयात किंवा विधानभवनात काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. सांत्वन नको, ते खूप झालं. पीएला सोमवारी कागद द्यायचाय.