दातेरी बुरशी: कडेला भोकं दिसतायत का?

वेताळ टेकडीवरच्या वाळक्या गिरिपुष्पाच्या फांदीवरचा हा पांढरा, दातेरी पापुद्रा काय आहे, असं तुम्ही विचारलंय; फोटो पाहिले. वरच्या उत्तरात एकांनी याला दगडफूल (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेलं) म्हटलंय, ते मला पटत नाही. दगडफूल नखानं खरवडलं की आत बहुधा शैवालाचा हिरवा थर दिसतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत पापुद्रा तुटलाय, तिथे आत नुसतं दुधाळ पांढरं आहे. ही लाकूड कुजवणारी बुरशीच.

माझा कौल इर्पेक्स लॅक्टिअस या दातेरी पांढऱ्या बुरशीला. हिचे दात मुळात दात नसतातच! आधी बारीक भोकं तयार होतात, मग त्यांच्या भिंती फाटत जाऊन चपटे, वाकडेतिकडे दात उरतात. म्हणून मधले दात सोडा आणि दहापट भिंगातून वाढती कड बघा. तिथे अजून शाबूत भोकं सापडली, शिवाय वरची कड किंचित दुमडून लवदार टोपीसारखी झाली असेल, तर इर्पेक्सची शक्यता खूप वाढते. सगळे दात सुटे, गोल आणि टोकदार असतील तर मात्र झायलोडॉनसारख्या दुसऱ्या दातेरी बुरशींकडे वळावं लागेल.

फोटोवरून मी एवढंच म्हणेन. पक्कं करायचं तर सूक्ष्मदर्शक हवाच: इर्पेक्सच्या तंतूंवर क्लॅम्पच्या गाठी (तंतूतल्या आडव्या भिंतीलगतचे छोटे फुगवटे) नसतात, झायलोडॉनच्या तंतूंवर असतात. नखाएवढा तुकडा कागदी पाकिटात सुकवून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको, पुण्याच्या पावसाळी हवेत दोन दिवसांत त्यावर दुसरीच बुरशी चढते.

आणि फांदी तिथेच राहू द्या, प्लीज.